लाल फेका, पांढरं ठेवा

रक्त द्यायचं असेल त्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खायचे नाहीत, हा मॅडमचा पहिला नियम. नागपुरात हा नियम पाळणं किती कठीण आहे ते बाहेरच्याला समजणार नाही. आमच्या फार्मसी कॉलेजच्या फाटकासमोरच पोह्याचा ठेला आहे. चण्याचा तिखट रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, तो पोह्यांवर ओततात, ती तर्री. पोरं तिथं खाऊन यायची आणि तोंड पुसून सांगायची, मॅडम, मी उपाशी आहे. मॅडम रक्त काढायच्या, नळी मशीनमध्ये गरगर फिरवायच्या आणि खिडकीच्या उजेडात धरायच्या. उपाशी माणसाच्या नळीत वर स्वच्छ पिवळं पाणी येतं. तेलकट खाऊन आलेल्याचं गढूळ येतं, दुधात पाणी घातल्यासारखं.

"दोन प्लेटा हाणल्या नं बे?" मॅडम विचारायच्या. "अन् वरून तर्री मागतली."

पोरगं खाली पाहायचं. मॅडम त्याचं रक्त ओतून टाकायच्या आणि उद्या परत यायला सांगायच्या.

मॅडम मागच्या महिन्यात रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मोठमोठे लोक बोलले. मलाही माईक दिला, पण माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मग कॉलेजच्या अंकासाठी लिहून द्या म्हणाले. मी सातवी शिकलेला माणूस. आयुष्यभर कॉलेजात लॅब अटेंडंट होतो, शेवटची बारा वर्षं मॅडमच्या लॅबमध्ये. माझं रिटायरमेंट झाल्यावरही मॅडमनी मला सोडलं नाही, रोजंदारीवर ठेवून घेतलं. तेव्हा जे पाहिलं ते लिहितो. यातली एक गोष्ट लिहू नका असं माझी मुलगी म्हणते. ती मी लिहिणार आहे.

मॅडम वर्धेकडच्या खेड्यातल्या, कास्तकाराच्या घरच्या. लग्न केलं नाही. सुती साडी, पायात पोरांसारखे धावायचे जोडे, आणि स्कूटरच्या पुढे थर्माकोलचा बर्फाचा डबा. डब्यात कधी रक्ताच्या नळ्या, कधी संत्री. दोन्ही एकदम कधीच नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. परदेशात शिकून आल्या होत्या, पण आमच्याकडच्या बायांसारखं "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. बाकीचे प्रोफेसर लाजायचे. मॅडमच्या ते ध्यानातही यायचं नाही.

त्यांचा आवडता शब्द "माहीत नाही". तोंडी परीक्षेत ज्याला येत नसेल त्यानं सरळ माहीत नाही म्हणावं, मॅडम पुढचा प्रश्न विचारायच्या. जो बनवून सांगेल त्याला बाहेर उभं करायच्या. एकदा विमानतळाकडच्या मिहानमधल्या कुठल्याशा औषध कंपनीचे तीन लोक आले. मे महिना, आणि तिघांच्याही अंगात कोट. मॅडमनी सगळी लॅब दाखवली. त्यातल्या एकानं हिंदीत विचारलं, ये दवा मार्केट में कब तक आएगी?

"उंदीर वाचून राहिला," मॅडम म्हणाल्या. "माणसाचं माहीत नाही."

"मोटा-मोटी अंदाज?"

"अंदाज बी माहीत नाही."

ते लोक गेले ते परत आलेच नाहीत. कॉलेजचे मोठे साहेब मॅडमवर चिडले. मॅडम मला म्हणाल्या, "त्याईले तारीख पायजे होती गा भाऊ. माह्यापाशी तारीख नाही. चहा होता, तो पाजला."

आता काम काय होतं ते सांगतो. मला समजलं तेवढंच. औषधाचे दाणे करतात, इतके बारीक की डोळ्याला काय, साध्या दुर्बिणीलाही दिसत नाहीत. ते दाणे रक्तात सोडले की शरीरातले चौकीदार त्यांना परके समजून धरतात आणि बाहेर काढतात. औषध दुखऱ्या जागी पोचतच नाही. पण आपल्या रक्तातली लाल पेशी चार महिने अंगभर फिरते, तिला कोणी हटकत नाही, कारण ती घरची. म्हणून मॅडम लाल पेशी फोडायच्या, आतला माल काढून टाकायच्या आणि नुसतं वरचं पातळ कातडं ठेवायच्या. ते कातडं त्या दाण्यांवर चढवायच्या. चौकीदाराला वाटतं, हा तर घरचाच आहे.

मॅडमनी हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे खोळ, मॅडम."

"काय?"

"उशीची खोळ. आमच्या घरची शिवते ना."

माझी बायको घरी मशीनवर उशांच्या, गाद्यांच्या खोळी शिवायची. सदर बाजारातल्या दोन दुकानांचं काम यायचं तिच्याकडे. मॅडमना तो शब्द एवढा आवडला की त्या दिवसापासून लॅबमध्ये सगळे खोळच म्हणायला लागले. इंग्रजी कागदात काय लिहायचे ते त्यांना माहीत.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी मॅडमचं तीन दिवसांचं काम मोरीत ओतलं. पेशी पातळ पाण्यात फुटल्या की नळी मशीनमध्ये फिरवतात. मग वर लाल पाणी राहतं आणि खाली बुडाशी पांढुरका साका बसतो, नीट पाहिलं नाही तर दिसतही नाही. मॅडम म्हणाल्या, नळ्या साफ करा, माल बाटलीत ठेवा. मी लाल पाणी जपून बाटलीत भरलं आणि खालचा साका ब्रशनं घासून धुतला. रक्त म्हणजे लाल, हे कोणीही सांगेल. साका मला मैल वाटला.

मॅडम आल्या, बाटली पाहिली, स्टुलावर बसल्या.

"काहून धुतलं गा भाऊ?"

"घाण वाटली, मॅडम."

त्यांनी एक एक नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "चूक माही. मी सांगितलं नाही." आणि एका कागदावर जाड पेनानं लिहून मोरीच्या वर चिकटवलं: लाल फेका, पांढरं ठेवा. दरवर्षी नवी पोरं यायची, तो कागद वाचायची आणि तरीही त्यातलं एक तरी पांढरं धुऊन टाकायचं. शाई उडाली की मी त्यावर पुन्हा पेन फिरवायचो.

पण माझं खरं काम अंगठ्याचं होतं. दोन सिरिंजी समोरासमोर, मधोमध चाळणी. दाणे आणि खोळीचं पाणी एकत्र करून त्या चाळणीतून ढकलायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून. अकरा वेळा. दहा नाही, बारा नाही. अकराव्या वेळी माल पलीकडच्या सिरिंजीत निघतो आणि न गाळलेला गाळ अलीकडेच राहतो. जोर एकसारखा लागतो, नाहीतर चाळणी फाटते. पोरांचे अंगठे फक्त मोबाइलवर चालतात. माझे चांगले होते. मॅडम म्हणायच्या, "भाऊ, हे अंगठे रिटायर होऊ देऊ नका."

तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात किमो लागला. तिच्या तोंडात भात राहायचा नाही. केस गेले. डॉक्टर म्हणायचे, बऱ्या व्हाल. मुलगी म्हणायची, बरी होशील. मीही म्हणायचो. ती मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

आणि मी रोज लॅबमध्ये जाऊन माझ्या अंगठ्यांनी कॅन्सरचं औषध उंदरांसाठी तयार करत होतो. उंदरांच्या गाठी लहान होत होत्या. हे मी डोळ्यांनी पाहत होतो. एक दिवस मी मॅडमना सरळ म्हणालो, "मॅडम, एक बाटली माझ्या घरवालीला द्या."

"नाही."

"तिच्याच रक्ताची खोळ चढवा. मी ढकलतो."

"भाऊ, उंदराले चालते. माणसाचं मले माहीत नाही. अन् माहीत नाही ते मी तुमच्या घरात नाही देत."

मी म्हणालो, "तुमच्या घरात कोणी असतं तर समजलं असतं."

बोलायला नको होतं. पण बोललो. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि नळ्या उजेडात धरून पाहत बसल्या. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंही बोललो नाही.

मग मी चोरी केली. हीच ती गोष्ट. फ्रिजची एक किल्ली माझ्याजवळ असायची. तयार मालाची एक बाटली घेतली, बर्फ भरलेल्या टिफिनमध्ये ठेवली आणि सायंकाळी प्रताप नगरच्या मागे आमची खोली आहे तिथं घेऊन आलो. आमच्या गल्लीत एक कंपाउंडर घरी येऊन सलाईन लावतो. त्याला सांगितलं, दवाखान्यातून नवीन इंजेक्शन दिलं आहे, उद्या दहा वाजता लावून दे. बायकोलाही तेच सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस, खोली भट्टीसारखी. जितकं थंड तितकं बरं, असा विचार करून बाटली आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. लॅबमध्ये नुसती खोळ आम्ही मोठ्या फ्रीजरमध्ये गोठवूनच ठेवायचो. मला वाटलं, तयार मालाचंही तसंच.

सकाळी साडेआठला दारात स्कूटर थांबली. मॅडम आत आल्या, दिवाणावर बसल्या. बायको उठून पाणी द्यायला लागली, त्यांनी तिला बसवलं. मग मला म्हणाल्या, "बाटली कुठी आहे?"

"कोणती बाटली?"

"तुमी अकरा वेळा ढकललेली. सकाळी फ्रिज उघडला त एक कमी."

मी बर्फाच्या कप्प्यातून काढून दिली. मॅडमनी ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"गोठवली! अवो भाऊ, गोठवली! नऊ वर्षं झाले माह्यापाशी, अन् तयार माल बर्फात!"

चोरीचा शब्दही काढला नाही. गोठवल्याबद्दल मात्र मला असं झापलं की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मग बाटली मुठीत धरून बसल्या. दहा मिनिटं, हलल्या नाहीत. बर्फ वितळला तेव्हा उठून खिडकीत धरली आणि मला बोलावलं. पाण्यात बारीक बारीक गठ्ठे फिरत होते.

"फाटलेल्या दुधावानी झालं पाहा. खोळी फाटल्या, दाणे एकमेकाले चिकटले. हे शिरेत गेलं असतं त छातीत जाऊन अडकलं असतं. मंग तुमी तिले कुठी नेलं असतं?"

मी खालीच बसलो. अंगठ्यानं मी तिला जगवायला निघालो होतो आणि दीड तासात मारणार होतो.

बायको माझ्याकडे पाहत होती. "मले त म्हणे दवाखान्यातलं हाये," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "चांगली राह्यली असती, त मले गुण आला असता काय?"

"माहीत नाही."

"कवा माहीत होईन?"

मॅडमनी बाटली खाली ठेवली. "वेळ लागन. तुमच्यापर्यंत नाही पोचत वं बाई."

मी म्हणालो, "मॅडम!"

बायकोनं मला हातानं गप्प केलं. आणि हसली. किती महिन्यांनी हसली असेल. "इतक्या दिवसात एक जण त खरं बोलली," म्हणाली. "हे अन् पोरगी, दोघं मिळून मले रोज बरी करतात."

त्यानंतर तिनं मॅडमना चहा पाजला. स्वतः ओट्यापाशी उभी राहून केला, मला करू दिला नाही. मॅडमचं लक्ष कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे गेलं. मशीनवर फुलाफुलांची खोळ होती, तिच्याच हातची.

"भाऊ सांगतात, तुमी खोळी शिवता."

"शिवत होतो. तुमी बी शिवता म्हणे, रक्ताच्या. मी ह्याईले विचारलं, ह्याईले सांगता आलं नाही."

"विचारा."

"खोळ उलटी शिवा लागते, मंग पलटवा लागते. तवा सुलटी बाजू भायेर येते. तुमची त दिसत बी नाही. सुलटी बसली का उलटी, कसं समजते?"

मॅडमनी कप खाली ठेवला. पर्समधून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "दोन वर्षं झाले, याच्यावरच अडून आहे मी. उलटी बसली त चौकीदार ओळखते. माह्या एका पोरानं हा प्रश्न विचारला नाही."

बायको एकदम ऐटीत बसली. डोक्याचा रुमाल नीट केला. "मंग माह्या रक्ताची शिवून पाहा," म्हणाली. "एवढ्या सुया टोचतात, एक तुमची."

किमो चालू असलेल्या पेशंटच्या रक्ताची खोळ कशी होते, हे पाहायला मॅडमना कॉलेजच्या समितीची परवानगी होतीच. पण लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी मराठीत टाइप केलेला कागद घेऊन आल्या आणि एक एक ओळ वाचून दाखवली. यात तुम्हाला काही फायदा नाही, हे वाक्य दोनदा वाचलं. बायको म्हणाली, "समजलं बाई, एकदा सांगितलं त." तिनं सावकाश, अक्षरं लावून सही केली. आणि म्हणाली, "पण शिवून पेटीत ठेवून नका देऊ. ठेवलेल्या खोळी उंदरं खातात."

"माहे उंदरं पिंजऱ्यात आहेत," मॅडम म्हणाल्या.

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यानंतर मॅडम दर रविवारी यायच्या. संत्री आणायच्या, सोलून द्यायच्या. दोघी काय बोलायच्या, मला सांगायच्या नाहीत. मी आत गेलो की बायको म्हणायची, "तुमी भायेर बसा. लय अवघड शास्त्र चालू हाये." चोरीबद्दल मॅडम माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. कॉलेजातही कोणाला कळलं नाही. आता कळेल.

दिवाळीच्या आधी ती गेली. घाटावर मॅडम त्याच धावायच्या जोड्यांत आल्या, मागे उभ्या राहिल्या. मी पंधरा दिवसांनी कामावर गेलो तर मोरीवरच्या कागदावर कोणीतरी पेन फिरवून ठेवला होता. अक्षर मॅडमचं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं. मोठ्या फ्रीजरमधून एक नळी काढून आणली होती. वर नाव नाही, नुसता नंबर. नळीत बुडाशी बोटाच्या पेराएवढं पांढुरकं.

"ही तुमच्या घरची. बाकीच्या वापरल्या, ही शेवटची आहे. आता सुलट्या-उलट्याची परीक्षा जमते, त्याच्यासाठी पायजे. कागदावर सही आहे, पण तुमाले विचारतो. वापरली त संपली. ठेवली त राहीन."

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही."

मी नळी हातात घेतली. गार होती. चाळीस वर्षं जी बाई घरात होती, तिचं एवढं उरलं होतं आणि तेही लाल नव्हतं. हो म्हटलं तर हेही जाणार. मॅडमनी घाई केली नाही. शेवटी मला तिचं ते पेटीचं बोलणं आठवलं.

"करा," मी म्हणालो.

"अंगठे तुमचे."

मॅडमनी दाणे मिसळले, सिरिंज भरून माझ्या हातात दिली. मी ढकललं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मॅडम नेहमी मोठ्यानं मोजायच्या, त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही. मी मनात मोजलं. अकरा.

राहिली रिकामी नळी. रक्ताची नळी आधी ब्लीचमध्ये बुडवायची आणि मग लाल पिशवीत टाकायची, हा नियम. मी नळी उचलली तसं मॅडमनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"मी भायेर पाहून राहिलो गा भाऊ. इकडचं मले काही दिसत नाही."

माझ्या शर्टाला नळी मावेल एवढा खिसा होता. मला समजलं. इतक्या दिवसांत त्या चोरीची आठवण त्यांनी तेवढीच काढली. मी नळी ब्लीचमध्ये बुडवली, काढली, लाल पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड बांधलं.

"टाकली?"

"टाकली."

"काहून गा?"

"रिकामी होती, मॅडम."

त्यांनी खुर्ची परत फिरवली. मग म्हणाल्या, चहा मांडा.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा मॅडम माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. डोळे लाल. पुढ्यात कागद.

"सगळ्या नाही, भाऊ. काही उलट्या बसल्या. पण अर्ध्याहून जास्त सुलट्या."

मी विचारलं, "नक्की?"

"हे माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

घरी गेल्यावर मी मशीनवरची खोळ काढली. ती गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. धुळीनं भरली होती. धुतली आणि दोरीवर वाळत घातली.